कर्करोगावर संशोधन करायचंय? मग अकरावीत गणित सोडू नका

जीवशास्त्राची आवड असलेल्या मुलामुलींच्या घरी दहावीनंतर एक निर्णय फार घाईत होतो: नीट द्यायची आहे ना, मग गणित सोडून दे. त्यामागची पालकांची काळजी खरी असते. पण ज्या मुलाला पुढे कर्करोगावर संशोधन करायचं आहे, त्याच्यासाठी हा निर्णय महागात पडतो. घशाच्या कर्करोगातला एक अडलेला प्रश्न पाहिला तर ते पटेल.

एकाच टप्प्यावर निदान झालेल्या, तेच उपचार घेतलेल्या दोन रुग्णांपैकी एक बरा होतो आणि दुसऱ्याचा आजार पुन्हा डोकं वर काढतो. हे आधी ओळखता आलं, तर कोणाला जास्त कडक उपचार द्यायचे ते ठरवता येईल. त्यासाठी शास्त्रज्ञ एपिजेनेटिक खुणा शोधत आहेत. जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण डीएनएवर मिथाइल गट चिकटतात (याला मिथायलेशन म्हणतात) आणि जनुक बंद पडू शकतं. पेशींच्या विभाजनाला आवर घालणारं पी-१६ हे जनुक काही गाठींमध्ये असंच गप्प झालेलं आढळतं. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगात एमजीएमटी जनुकावरच्या अशा खुणेवरून टेमोझोलोमाइड हे औषध कितपत लागू पडेल, याचा अंदाज डॉक्टर घेतात. त्याचा भक्कम पुरावा २००५ मध्ये आला. घशाच्या कर्करोगात मात्र शोधनिबंध भरपूर असूनही मिथायलेशनची एकही खूण रोजच्या उपचारांत रुळलेली नाही.

याचं मोठं कारण संख्याशास्त्रात आहे. आजच्या चाचणीत एका नमुन्यातल्या साडेआठ लाखांहून जास्त जागा एकाच वेळी तपासता येतात, रुग्ण मात्र काहीशेच असतात. प्रत्येक जागेला पाच टक्के चुकीची मुभा दिली, तर निव्वळ योगायोगाने चाळीस हजारांहून जास्त जागा ‘महत्त्वाच्या’ ठरतील. शिवाय उपचारांनंतर रुग्ण गावी परततो, फोन बदलतो, आणि पुढे त्याचं काय झालं ते कळत नाही. असे रुग्ण हिशेबातून गाळले तर निष्कर्षच फिरतो. ते कसे धरायचे, हे शिकावं लागतं. आपल्याकडे तर आणखी एक पेच आहे. पाश्चात्त्य देशांत टॉन्सिलभोवतीच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूचा वाटा मोठा आहे, इथे तंबाखूचा. तिकडे पारखलेली खूण महाराष्ट्रातल्या रुग्णांवर पुन्हा पारखल्याशिवाय वापरता येत नाही. ते काम इथल्याच माणसांना करावं लागेल.

‘चार विषयांचं ओझं मुलाला झेपेल का?’ हा आक्षेप रास्त आहे. पण इथे जेईईच्या तयारीचं गणित लागत नाही. बारावीतली संभाव्यता आणि कलनशास्त्र नीट समजलं तरी पाया होतो. ‘हे सगळं आता संगणक करतो,’ असंही म्हटलं जातं. संगणक आकडेमोड करतो. नमुने पुरेसे आहेत का, प्रश्न बरोबर विचारला आहे का, हे माणसालाच ठरवावं लागतं. कमाईची शंका मला सर्वांत गंभीर वाटते. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात आणि संशोधनातल्या कायम जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण २०२३ पासून जेआरएफ ही संशोधकांना मिळणारी शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, म्हणजे ती मिळवली तर त्या काळात मूल घरावर भार राहत नाही. शिवाय जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही जाणणाऱ्याला औषधचाचण्यांच्या क्षेत्रातही काम मिळू शकतं.

संशोधनाकडे जाण्याचा एक रस्ता म्हणजे आयसर या विज्ञान संस्था; त्यांच्या प्रवेशपरीक्षेत ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात. विषय सोडलेला विद्यार्थी तिथेच मागे पडतो. संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून जीवशास्त्राकडे वळण्याचा रस्ताही उघडा आहे. एमबीबीएस करून पुढे पॅथॉलॉजी किंवा ऑन्कॉलॉजीत जायचं असेल, तरी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कर्करोग-संशोधन संस्थेत संशोधन करताना हेच गणित पुन्हा समोर येतं. तेव्हा अकरावीचा अर्ज भरताना नीटच्या तीन विषयांसोबत गणितही घ्या, आणि पहिल्या सहामाहीनंतर मुलाशी बोलून ते ठेवायचं की नाही याचा पुन्हा विचार करा.