समाधीचा दगड वाचताना



सुट्टी लागली की आपण देवळे, जत्रा, धबधबे पाहायला जातो. घरात मोबाइल आहेच, तेव्हा फोटोही काढतो. पण गावाबाहेर नाल्याच्या काठी, बाभळीखाली एखादी जुनी समाधी असते. तिकडे मात्र कोणी फिरकत नाही. खरे तर गावातील सर्वांत जुना लेख कदाचित त्याच दगडावर असतो.

आधी माझीच एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिवारात मी एका समाधीचा फोटो काढला. दगडावरची अक्षरे झिजली होती. सोबतच्या आजोबांनी ती कोणाची, तो माणूस कशाने गेला, सगळे सांगितले. लक्षात राहील असे समजून मी काही लिहून घेतले नाही. आज फोटो माझ्याजवळ आहे. पण आजोबा नाहीत आणि ते नाव मला आठवत नाही. तुमच्याकडून असे होऊ नये म्हणून हा पाठ.

दगड ओळखू या

मुसलमान व ख्रिस्ती बांधवांची कबर असते. हिंदूंमध्ये दहनाची रीत असली तरी लिंगायत, गोसावी, महानुभाव अशा काही पंथांत व समाजांत पुरण्याची रीत आहे. तेथे चबुतरा, शिवलिंग, पादुका किंवा तुळशीवृंदावन दिसते.

लढाईत किंवा गुरे वाचवताना पडलेल्या वीराचा दगड म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खाली झुंज, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. सूर्य-चंद्र असेपर्यंत याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो.

दगडावर साल असेल तर तेही वाचता येते. शके असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८०० म्हणजे इ.स. १८७८. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेथे फसली सन चालत असे. त्यात सुमारे ५९० मिळवा. हिजरी सन मात्र चांद्र आहे, त्याचे वर्ष लहान असते. म्हणून तेथे नुसती बेरीज करून चालत नाही.

मारलवाईच्या दोन समाध्या

आता आपल्याच भागातील एक उदाहरण पाहू. आदिलाबादहून गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली, उटनूर करत जैनूरकडे गेले की मारलवाई हे गोंड बांधवांचे गाव लागते. पूर्वी ते आपल्याच जिल्ह्यात होते. २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. तेथे दोन समाध्या शेजारी-शेजारी आहेत. एक बेट्टी एलिझाबेथ यांची, दुसरी त्यांचे पती प्रा. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांची.

बेट्टी यांचे निधन ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादला झाले. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले. त्यांच्या अस्थी मारलवाईला आणून पत्नीच्या शेजारी ठेवल्या गेल्या, त्या २०१२ मध्ये. म्हणजे मृत्यूचे साल एक आणि समाधीचे साल दुसरे! केवळ दगड पाहून अंदाज बांधला तर आपण चुकू शकतो.

मोठा प्रश्न तर पुढेच आहे. व्हिएन्नात जन्मलेला, लंडनला प्राध्यापक असलेला माणूस या डोंगरातल्या गावी का विसावला? याचे उत्तर फोटोत येत नाही. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जंगल आणि जमीन हाच त्या लढ्याचा विषय होता. त्यानंतर गोंडांची गाऱ्हाणी समजून घेण्यासाठी निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले. ते पत्नीसह मारलवाईत झोपडी बांधून राहिले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र सुरू झाले. मुलांसाठी गोंडी भाषेतील पुस्तके तयार झाली, तीही देवनागरी लिपीत. कारण त्या शिक्षकांना मराठी लिहिता-वाचता येत होते. म्हणजे आपल्या अक्षरांचाही त्या दोन समाध्यांशी संबंध आहे. दरवर्षी ११ जानेवारीला गावकरी तेथे जमून दोघांना आदरांजली वाहतात.

फोटो कसा काढावा

१. आधी विचारा. घरच्यांची, गावच्या पटेलांची, दर्ग्याच्या किंवा चर्चच्या व्यवस्थापकांची परवानगी घ्या. अंत्यविधी चालू असेल तर परत फिरा.

२. चप्पल काढा. समाधीवर पाय ठेवू नका, टेकू नका, हसत-खिदळत स्वतःचा फोटो काढू नका.

३. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. बाजूने तिरपे ऊन पडले की झिजलेल्या अक्षरांच्या कडेला सावली धरते आणि ती वाचता येतात. भरदुपारी तोच दगड कोरा दिसतो. सावलीत असेल तर आरशाने बाजूने उजेड पाडा.

४. किमान चार फोटो घ्या : दुरून परिसराचा, समोरून पूर्ण दगडाचा, अक्षरांचा जवळून आणि मागच्या बाजूचा. एका फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे दगडाचे माप कळेल.

५. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल लावू नका. तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने घासू नका. त्याने उरलेली अक्षरेही जातात. शेंदूर असेल तर खरवडू नका. ती कोणाची तरी श्रद्धा आहे.

६. त्याच दिवशी वहीत लिहा : गाव, जागा, तारीख, दगडावरचा मजकूर जसाच्या तसा, माहिती कोणी सांगितली. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, मनाने भरू नका.

नोंदीने काय होते?

रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीचे उदाहरण घ्या. एकेकाळी ती झाडाझुडपांत दुर्लक्षित पडली होती. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रजाने आपल्या पुस्तकात तिची दुरवस्था लिहिली. ते वाचून लोक हळहळले. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी दुरुस्तीसाठी निधी उभारण्याची चळवळ केली. कोणीतरी पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणून पुढचे काम झाले.

आपल्या जवळ चंद्रपूरला गोंड राजा बीरशहाची समाधी राणी हिराईने बांधली. ती आज सरकारी संरक्षणाखाली आहे. पण शिवारातल्या साध्या दगडाला कोण सांभाळणार? रस्ता रुंद होतो, शेत नांगरले जाते, दगड बांधात जातो. सांगणारी म्हातारी माणसे तर त्याआधीच जातात. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी माणसाला विचारा, मग दगडाचा फोटो काढा. दगड आणखी काही वर्षे थांबेल.

उपक्रम

१. आजी-आजोबांना विचारून गावातील एका जुन्या समाधीची किंवा कबरीची माहिती त्यांच्याच शब्दांत लिहा.

२. मोठ्या माणसाला सोबत घेऊन तिचे चार फोटो काढा आणि वहीत नोंद करा.

३. फसली १३४० म्हणजे इ.स. कोणते? शके १७५० म्हणजे कोणते?

वही वर्गशिक्षकांना दाखवा. सर्वांच्या नोंदी शाळेच्या ग्रंथालयात एका फाइलमध्ये ठेवू. माझा तो बिननावाचा फोटोही मी त्यात लावणार आहे. तुमच्या घरी कोणी ओळखला, तर त्याखाली नाव लिहायला मला आनंद होईल.