काचमण्याची कसोटी

वाराणसीचे काचमणी प्रसिद्ध आहेत. बर्नरच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवून कारागीर ती फिरत्या तारेवर गुंडाळतो. तारेस आधी चिकणमातीचा पातळ लेप द्यावा लागतो; एरवी मणी सुटत नाही. कांडी एकदम ज्योतीत घातल्यास तडकून तुकडे उडतात. शिकाऊ माणसास हे लवकर उमगते. तार अखंड फिरती ठेवण्याचा सराव झाला, की मण्यास गोलाई येते.

खरी कसोटी नंतरची. मणी बाहेरून लवकर निवतो, आतून उशिरा. त्यामुळे काचेत ताण राहतो आणि आज निर्दोष दिसणारा मणी काही दिवसांनी, कदाचित गिऱ्हाइकाच्या गळ्यातच, दुभंगतो. म्हणून नेहमीच्या सोडा-काचेचे मणी सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या भट्टीत काही वेळ ठेवून सावकाश निववावे लागतात. प्रशिक्षणवर्गासाठी बर्नर घ्यायचे आणि भट्टी वगळायची, ही काटकसर नव्हे. शिकणाऱ्याचे श्रम त्यात वाया जातात.

तापल्या काचेतील सोडियमच्या पिवळ्या झगमगाटात मणी नीट दिसत नाही. तो झगमगाट अडविणारा खास चष्मा आणि खोलीत खेळती हवा पहिल्या दिवसापासूनच हवी.