मूकपटकालीन मुंबईतील रंजनव्यवहार आणि संगीत नाटकाचा ऱ्हास

१

मराठी संगीत नाटकाच्या ऱ्हासाची मीमांसा करताना बोलपटाचे आगमन हे कारण सामान्यतः अग्रभागी ठेवले जाते. हे कारण चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. चित्रपट मुंबईत १९३१ साली अवतरला नाही. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे येथील वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यापुढील जवळजवळ अठरा वर्षे मूकपट आणि संगीत नाटक एकाच शहरात शेजारी शेजारी नांदले. ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘एकच प्याला’ (१९१९) ही नाटके याच काळातील. म्हणजे चित्रपटाच्या सान्निध्यात संगीत रंगभूमी खालावली नाही. उलट तिचा उत्कर्ष याच काळात झालेला दिसतो. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ नाट्यसंहितांच्या अभ्यासातून मिळणार नाही. त्यासाठी नाटक, मूकपट, खेळ आणि बाजार यांचा मिळून जो रंजनव्यवहार शहरात चालू होता, त्याचाच विचार करावा लागतो.

२

या व्यवहारातील दृश्यभाग प्रथम पाहू. सावेदादा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. खेळ आणि चलच्चित्र यांची सांगड इतकी जुनी आहे. दोन्हींचा आस्वाद डोळ्यांनी घ्यावयाचा असल्यामुळे भाषेचा अडसर त्यात नव्हता. मूकपटात मजकुराच्या पाट्या असत, त्याही बहुधा एकाहून अधिक भाषांत. साक्षर प्रेक्षक त्या मोठ्याने वाचीत आणि निरक्षर ऐकत. मराठी, गुजराती, उर्दू अशा अनेक भाषा बोलणाऱ्या मुंबईला एकाच पडद्यासमोर बसविणे यामुळेच शक्य झाले.

क्रिकेटचेही तसेच. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान या संघांचे चौरंगी सामने १९१२ पासून सुरू झाले. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर कर्नल सी. के. नायडू यांनी एम. सी. सी. विरुद्ध १५३ धावा काढल्या. त्यांत अकरा षटकार होते. तो खेळ समजण्यास कोणत्याही भाषेची गरज नव्हती. मात्र डोळ्यांचे हे रंजन सर्वांना एका पातळीवर आणीत होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चित्रपटगृहात तिकिटाच्या दराने प्रेक्षकांची वर्गवारी होई, तर मैदानावर संघच धर्मानुसार विभागलेले होते. हिंदू संघाचे श्रेष्ठ गोलंदाज पालवणकर बाळू यांना जातीमुळे कर्णधारपद लाभले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले.

३

श्रवणाचे क्षेत्र मात्र मूकपटाच्या आवाक्याबाहेर होते. चित्रपटगृहात पेटी-तबल्याची साथ असे. पण ती चित्राच्या सोबतीला. मराठी शब्द सुरात ऐकावयाचा तर नाटकगृहच गाठावे लागे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात सादर केलेल्या संयुक्त ‘मानापमान’ची कीर्ती मुख्यतः दोन कंठांची आहे, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

याच क्षेत्रात बाजाराने प्रवेश केला. भारतात ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ मध्ये झाला, आणि लवकरच नाट्यपदांच्या तबकड्या दुकानांत विकल्या जाऊ लागल्या. वन्समोअर घेत रंगमंचावर हवे तेवढे लांबणारे पद तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांत बसवावे लागे. येथे पद प्रथमच नाटकापासून सुटे झाले. कथानक, पात्र आणि प्रसंग यांवाचून ते विकत घेता येऊ लागले, घरी ऐकता येऊ लागले. बालगंधर्वांच्या भूमिकांतील लुगड्यांच्या आणि दागिन्यांच्या तऱ्हा स्त्रियांनी उचलल्या, हाही त्याच प्रक्रियेचा भाग होय. नाटकातील एकेक घटक रंगमंचावरून उतरून बाजारात जात होता. खरेदी ही त्या काळी निरागस गोष्टही राहिली नव्हती. संयुक्त ‘मानापमान’ झाले त्याच महिन्याच्या ३१ तारखेला परळ येथे महात्मा गांधींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. कोणते वस्त्र घ्यावे हा राजकीय निर्णय ठरत असताना, नाटकाचे तिकीटही स्वराज्याच्या निधीसाठी विकले जात होते.

४

तिसरा घटक वेळेचा. त्याचा विचार उपनगरांखेरीज पुरा होत नाही. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये अस्तित्वात आला. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तोवर ही गावे कारभाराच्या दृष्टीने शहराबाहेरची होती. पण आगगाडीने ती शहराला बांधलेली होती. विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर प्रथम धावली, ५ जानेवारी १९२८ पासून ती कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत जाऊ लागली, आणि ते दशक संपण्यापूर्वी घाटकोपर-मुलुंडवरून कल्याणपर्यंत पोहोचली.

आता प्रयोगांची लांबी पाहू. संगीत नाटक रात्री उभे राही आणि अनेकदा पहाटेपर्यंत चाले. याउलट ‘राजा हरिश्चंद्र’चा सबंध कार्यक्रम सुमारे दीड तासाचा होता, आणि त्यातही चित्रपटापूर्वी नृत्य, विनोदी प्रवेश आणि कसरती होत्या. सुरतेत फाळक्यांना याच मुद्द्यावर अडचण आली. दोन आण्यांत सुमारे सहा तास नाटक पाहणाऱ्या लोकांना तीन आण्यांत दीड तासाचा खेळ महाग वाटला, अशी हकिकत चित्रपटेतिहासात नोंदलेली आहे. त्या प्रेक्षकांच्या हिशेबात दीर्घता हे मूल्य होते. गाडीने ये-जा करणाऱ्या नोकरदाराच्या हिशेबात मात्र तीच दीर्घता अडचण ठरणार होती. गिरगावच्या चाळीतील प्रेक्षक पहाटे पायी घरी जाऊ शके. अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या प्रेक्षकाला पहिल्या गाडीची वाट पाहावी लागे, आणि पुढे कचेरी असे. वस्ती उत्तरेकडे सरकू लागली तसतसा रात्रभराच्या प्रयोगाचा प्रेक्षक घटू लागला असावा, असे अनुमान यावरून करता येते. ही प्रक्रिया बोलपटापूर्वीच सुरू झाली होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

५

या पार्श्वभूमीवर बोलपटाने नेमके काय केले ते स्पष्ट होते. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. पुढील वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्याचे कथानक ‘राजा हरिश्चंद्र’चेच. १९१३ मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. १९३२ मध्ये ती दुर्गा खोटे यांनी केली. हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते गोविंदराव टेंबे, म्हणजे ‘मानापमान’चे संगीतकार. एकच कथा घेतली असता एकोणीस वर्षांत पडलेले अंतर येथे नेमके मोजता येते. मूकपटाला नाटकाकडून जे घेता आले नव्हते, ते मराठी भाषण, ते गायन आणि तो गायकही आता पडद्यावर आला होता, आणि तोही गाडी चुकू न देणाऱ्या वेळेत.

नाटक मंडळ्यांचा वाढता खर्च आणि कर्जबाजारीपणा ही कारणे यामुळे खोटी ठरत नाहीत. परंतु ‘नाट्यमन्वंतर’ने १ जुलै १९३३ रोजी सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’कडे यानंतर निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. मोजकी पदे, आटोपशीर प्रयोग आणि स्त्रीभूमिकांत स्त्रिया, ही तिची वैशिष्ट्ये आपण इब्सेनप्रणीत वास्तववादाच्या खात्यावर जमा करतो. त्यांतील काहींचे मूळ बदललेल्या नागर वेळापत्रकात आणि सुट्या झालेल्या नाट्यपदात आहे.

संगीत नाटकाचा ऱ्हास शिकविताना ‘बोलपट आला आणि नाटक गेले’ या सूत्रावर थांबू नये, एवढाच या विवेचनाचा आग्रह आहे. तत्कालीन वृत्तपत्रांतील जाहिराती, रेल्वेची वेळापत्रके, तबकड्यांच्या सूची आणि १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ चौकशी समितीपुढील साक्षी ही वाङ्मयेतिहासाचीच साधने आहेत. उपनगरांतील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना ती विशेष जवळची वाटावीत, कारण त्या इतिहासातील गैरहजर प्रेक्षक त्यांच्याच गावचा होता.