आरोग्यपाठ : रक्त दिलं, मग बेडका कशाला?



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर खोकल्याच्या रुग्णाला दवाखान्यात न्यायला निघाले की एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "ताई, रक्त दिलं ना? मग आता बेडका कशाला?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर मला वेळीच देता आले नाही, म्हणून एका घराला मोठी किंमत मोजावी लागली. या अंकाचा पाठ त्या उत्तरासाठी.

२०१० सालची होळी. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे सणाला पाड्यावर परतली होती. तिशीतला एक तरुण बाप दोन महिन्यांपासून खोकत होता. संध्याकाळी अंग कोमट, रात्री घाम, पोटाला भूक नाही. भट्टीजवळच्या गावात त्याने खाजगी प्रयोगशाळेत टीबीची रक्ततपासणी करून घेतली होती. त्यासाठी शेठकडून नऊशे रुपये उचल घेतली होती. अहवालावर छापील अक्षरात 'निगेटिव्ह' लिहिले होते. तो कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. मी तो वाचला आणि म्हणाले, "बरं झालं, टीबी नाही." खोकल्याच्या बाटलीवर काम भागले. तो पुन्हा भट्टीवर गेला.

पावसाच्या तोंडावर तो आला, तेव्हा त्याला चढण चढवत नव्हती. ग्रामीण रुग्णालयात बेडका तपासला. क्षयाचे जंतू मोठ्या संख्येने सापडले. त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या आईच्या बेडक्यातही सापडले. तो औषधाने बरा झाला. आई नाही वाचली. तिच्यासाठी फार उशीर झाला होता.

तो कागद खोटा का ठरला? हे समजायला आधी शरीर जंतूशी कसे लढते ते पाहू.

शरीराची लढाई

जंतू शरीरात शिरला की पहिला पहारा पांढऱ्या पेशींचा. त्यांतल्या काही भक्षक पेशी असतात. त्या जंतूला गिळतात आणि आतल्या आत पचवून टाकतात. बहुतेक जंतूंचा निकाल इथेच लागतो.

जे उरतात त्यांच्यासाठी दुसरी फळी असते. ती तयार व्हायला वेळ लागतो, पण ती शत्रू ओळखून लढते. हिचे दोन हात आहेत. एक हात प्रतिपिंडांचा. ही प्रथिने रक्तात फिरतात आणि ठराविक जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. दुसरा हात टी पेशींचा. या पेशी भक्षक पेशींना बळ देतात आणि जंतू लपलेल्या पेशी हुडकून काढतात. लढाई संपली तरी दोन्ही हातांना शत्रूची आठवण राहते. लस याच आठवणीवर काम करते. आपल्याकडे बाळाला जन्मताच दिलेली बीसीजी लस लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून, विशेषतः मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून, वाचवते.

क्षयाचा जंतू मात्र वेगळा आहे. भक्षक पेशी त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. तो तिच्याच पोटात घर करतो. पेशीच्या आत बसलेल्या शत्रूपर्यंत प्रतिपिंडे सहसा पोहोचत नाहीत. म्हणून इथे मुख्य लढा टी पेशींना द्यावा लागतो. संसर्गानंतर त्या सज्ज व्हायला साधारण दोन ते आठ आठवडे लागतात. मग त्या आणि भक्षक पेशी मिळून जंतूभोवती गाठीसारखे कुंपण घालतात. जंतू मरत नाही, पण कोंडला जातो. राखेखालचा निखाराच म्हणा. माणूस धडधाकट असतो. त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही.

असे निखारे किती जणांत आहेत? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला. संसर्ग म्हणजे आजार नव्हे. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. राख कधी उडते? शरीर कमजोर झाले की. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखूचा धूर ही त्याची मुख्य कारणे.

ठसा आणि बिबट्या

आमच्या भागात ओढ्याकाठच्या चिखलात बिबट्याचा ठसा दिसला की म्हातारे लोक लगेच काठी उचलत नाहीत. आधी विचारतात, "ठसा ताजा की जुना?" ठशावरून जनावर इथून गेले एवढे कळते. ते आता झाडीत बसले आहे का, हे कळत नाही.

रक्तातली प्रतिपिंडे म्हणजे असा ठसा. त्या तरुणाची तपासणी प्रतिपिंडांची होती. ती दोन्ही बाजूंनी फसवते. ज्याच्या शरीरात नुसता निखारा आहे, किंवा क्षयजंतूच्या जातीतल्या दुसऱ्या निरुपद्रवी जंतूशी ज्याचा संबंध आला आहे, त्याच्या रक्तातही ठसे सापडू शकतात. मग निरोगी माणसाला सहा महिने औषधे घ्यावी लागतात. उलट, खरोखर आजारी माणसाच्या शरीरात ओळखण्याइतकी प्रतिपिंडे नसू शकतात. मग रुग्ण 'निगेटिव्ह' कागद घेऊन घरी जातो आणि घरच्यांमध्ये खोकत राहतो. आमच्या पाड्यावर हेच झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये स्पष्ट सांगितले की क्षयाच्या निदानासाठी अशा प्रतिपिंड-तपासण्या वापरू नयेत. भारत सरकारने जून २०१२ मध्ये त्यांची आयात, उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली. म्हणून आजही कुणी 'रक्तावरून टीबी सांगतो' म्हणाला, तर सावध व्हा. हातावर, कोपराखालच्या भागात सुई टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात, ती मांटू चाचणीही संसर्गच सांगते. मोठ्या माणसाला आजार आहे की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही.

याचा अर्थ रक्ततपासणी वाईट असा नव्हे. हिवतापाचा परजीवी रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतो, म्हणून तिथे बोटाचे रक्त काचपट्टीवर घेणे हीच योग्य तपासणी. एचआयव्हीच्या तपासणीत प्रतिपिंडे शोधतात, आणि तीही योग्यच. कारण एचआयव्ही एकदा शिरला की शरीर सोडत नाही, त्यामुळे ठसा सापडला म्हणजे जनावर आतच आहे. फक्त लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ठसा उमटलेला नसतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. प्रत्येक तपासणीला विचारायचा प्रश्न एकच : हिने जंतू पाहिला की जंतूचा ठसा पाहिला?

बेडक्यात काय पाहतात

फुफ्फुसाच्या क्षयाचा जंतू फुफ्फुसात असतो, म्हणून तो बेडक्यात शोधायचा. रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या जंतूचा शोध जाहीर केला. तोच दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. आज आपल्याकडे तीन मार्ग आहेत.

पहिला, सूक्ष्मदर्शकाचा. बेडका काचपट्टीवर पसरून त्याला लाल रंग देतात आणि मग आम्लाने धुतात. क्षयजंतूचे आवरण मेणासारखे असल्याने त्याचा रंग सुटत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. ही तपासणी स्वस्त आहे, पण एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा नजरेस पडत नाहीत.

दुसरा, जंतू वाढवण्याचा. अगदी थोडे जंतूही यात सापडतात, पण हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला पाऊण दिवस लागतो. त्यामुळे घट्ट माध्यमावरच्या तपासणीचा अंतिम निकाल यायला सहा ते आठ आठवडे जातात.

तिसरा, जंतूच्या जनुकाचा तुकडा शोधण्याचा. सीबीनॅट यंत्र दोन तासांच्या आत जंतू आहे का ते सांगते, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का तेही सांगते. ट्रूनॅट हे यंत्र भारतात तयार झाले. ते बॅटरीवर चालते, म्हणून जिथे वीज येते-जाते अशा आरोग्य केंद्रांतही उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या यंत्रांना मेलेल्या जंतूचे जनुकही सापडते. म्हणून औषध लागू पडते आहे का हे पाहायला सूक्ष्मदर्शक आणि जंतू वाढवण्याची तपासणीच कामी येते.

यंत्र कितीही चांगले असले तरी नमुना चांगला हवा. थुंकी म्हणजे बेडका नव्हे. सकाळी उठल्यावर चूळ भरावी, उघड्यावर, माणसांपासून दूर उभे राहावे, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून आलेला घट्ट बेडका डबीत द्यावा. पुष्कळ जण लाजून नुसती लाळ देतात. मग 'निगेटिव्ह' येते. दोष यंत्राचा नसतो. लहान मुले बेडका गिळतात, म्हणून त्यांच्या पोटातून नमुना घ्यावा लागतो. ते काम डॉक्टरांचे.

एकदा पाहून थांबू नये

लेवीयच्या तेराव्या अध्यायात त्वचेवरच्या चट्ट्याची परीक्षा सांगितली आहे. याजक चट्टा पाहतो. खात्री नसेल तर सात दिवस थांबून पुन्हा पाहतो, आणि गरज पडल्यास आणखी सात दिवसांनी. त्या काळी प्रयोगशाळा नव्हती, पण घाईने 'आहे' किंवा 'नाही' म्हणू नये, ही शिस्त होती. २०१० साली माझ्याकडे ती नव्हती. मी कागद पाहिला, समोरचा माणूस पाहिला नाही. त्याचे वजन घटत होते, ताप येत होता, खोकला दोन महिन्यांचा होता. कागद 'नाही' म्हणत असताना शरीर 'आहे' सांगत होते. अशा वेळी पुन्हा बेडका, छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांचा सल्ला, हाच मार्ग.

ताटातली ताकद

टी पेशी, भक्षक पेशी, प्रतिपिंडे हे सारे प्रथिनांवर उभे आहे. रिकाम्या पोटी लढाई होत नाही. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झालेला अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसे त्यात होती. रुग्णांना सर्वत्र शिधा दिला. घरच्यांपैकी एका गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना हा शिधा नव्हता. शिधा मिळालेल्या गटात नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. डाळ-भाताने एवढे काम केले!

आपण काय करू शकतो

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर आशाताईंना कळवावे आणि सरकारी केंद्रात बेडका द्यावा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. एकाला आजार निघाला तर घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना आजार नाही, त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषध मिळते. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात दरमहा १,००० रुपये येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. पण बँक खाते नसेल किंवा नाव जुळत नसेल तर पैसे अडकतात. ते काम करून देणे हीसुद्धा सेवाच आहे. शिवाय कोणतीही व्यक्ती किंवा संस्था 'निक्षय मित्र' होऊन, रुग्णाच्या संमतीने, किमान सहा महिने त्याच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. आपल्या मंडळ्यांना हे सहज जमेल.

त्या तरुणाच्या घरी मी अजून जाते. त्याची मुलगी आता शिकते आहे. मागच्या वर्षी शेजारच्या पाड्यावरचा एक जण खोकत होता, तर यानेच त्याला सकाळच्या गाडीने नेले. डबी कशी धरायची, खोल श्वास कसा घ्यायचा, हे सारे त्याने समजावले. मला नंतर कळले. त्या माणसाला वेळेवर औषध सुरू झाले.

चर्चेसाठी प्रश्न

१. संसर्ग आणि आजार यांत काय फरक आहे? आपल्या शब्दांत सांगा.
२. क्षयासाठी प्रतिपिंडांची तपासणी का फसवते आणि एचआयव्हीसाठी का चालते?
३. आपल्या मंडळीच्या परिसरात दोन आठवड्यांहून अधिक खोकणारे कोण आहे? त्यांच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?