घडत्या जाळ्याचं मूल्यमापन

प्रश्न : आमच्या तालुक्यात पाण्यावर काम करणाऱ्या संस्था एकत्र येऊन एक जाळं उभारत आहेत. देणगीदार पहिल्याच वर्षी मूल्यमापन मागतात. काय मोजावं?

उत्तर : गावं आणि बैठका मोजून फारसं हाती लागणार नाही, कारण तुमची रचनाच अजून ठरायची आहे. अशाच परिस्थितीसाठी मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल क्विन पॅटन यांनी १९९४ मध्ये विकासात्मक मूल्यमापन मांडलं. यात मूल्यमापक तुमच्या बैठकांना सुरुवातीपासून बसतो. कोण कोणाला माहिती देतं, माणूस किंवा यंत्र उसनं देतं, कोणती संस्था बोलेनाशी झाली, निर्णय का बदलला, हे तो टिपतो आणि पुढच्या निर्णयाआधी तुमच्यासमोर ठेवतो. ही वेळ पाळणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वर्षअखेरचा जाडजूड अहवाल इथे कुचकामी.

दर दोन-तीन महिन्यांनी संस्थांमधल्या संबंधांचा नकाशा नव्याने काढा. सगळ्या रेषा एकाच मोठ्या संस्थेकडे जात असतील तर वेळीच सावध व्हा. छोट्या संस्थांशी स्वतंत्रपणे बोला. मोठ्यांसमोर त्या सहसा तक्रार करत नाहीत.

देणगीदाराला आधीच सांगा की उद्दिष्टं बदलू शकतील आणि प्रत्येक बदलाचं कारण लेखी मिळेल. पैशांचा हिशेब मात्र नेहमीसारखाच चोख द्यायचा.