उष्ट्यातून कोंबडीचे खाद्य

कोंबडी उकिरडा का उकरते? दाण्यासाठी उकरते, तशीच किड्यासाठीही उकरते. किडा तिला फार आवडतो. त्यात कस असतो. तो खाऊन पिले भराभर वाढतात.

काही लोक पिलांसाठी उधईचे मडके लावतात. जुन्या मडक्यात शेण, काडीकचरा आणि फाटके गोणपाट भरतात. वर पाणी शिंपडतात. मग जेथे उधई असेल तेथे मडके पालथे घालतात. एक-दोन दिवसांत आत उधई भरते. ती पिलांपुढे झाडायची. पैसा लागत नाही.

हाच विचार आता पुढे गेला आहे. काळी सैनिक माशी नावाची एक माशी आहे. तिच्या अळ्या मुद्दाम पाळतात. ही आपली घरातली माशी नव्हे. ती काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते. पण डंख मारीत नाही. पंख फुटल्यावर ती आठवडाभर जगते, अंडी घालते आणि मरते. खाण्याचे खरे काम अळीचे.

अळी सडका भाजीपाला, फळे, शिळी भाकरी खाते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत ती पोसते. मग तिचा रंग काळपट होतो. ती आपण होऊन ओल सोडते आणि कोरडी जागा शोधू लागते. म्हणून भांड्याला एक चढण ठेवतात. अळ्या चढतात आणि पलीकडच्या डब्यात पडतात. वेचण्याचे कष्ट वाचतात. वाळलेल्या अळीत १०० भागांत सुमारे ४० भाग प्रथिने असतात. राहिलेला चोथा कुजवून खत करावे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लग्नाच्या पंगतीत किती अन्न वाया जाते! राहात्याकडे गळालेला पेरू बागेत सडतो. मग सगळेच अळीला घालावे काय?

नाही. येथेच सांभाळायचे आहे. ताजे औषध फवारलेले फळ घातले तर अळ्या मरतात. कॅडमियम नावाचा विषारी धातू काही जुन्या बॅटऱ्यांत असतो. तो खाण्यात गेला तर अळीच्या अंगात साठतो. अळी कोंबडी खाते, आणि कोंबडी आपण खातो. विष फिरून आपल्याच ताटात येते.

युरोपातील देशांनी असे खाद्य २०१७ साली माशांना आणि २०२१ साली कोंबड्यांना व डुकरांना देण्यास मोकळीक दिली. पण तेथे अळीला हॉटेलचे उष्टे घालू देत नाहीत. इतकी काळजी ते घेतात.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

१. निवडलेला, स्वच्छ भाजीपाला व फळेच घाला. मांस, प्लास्टिक, बॅटरी नको.

२. भांड्यावर जाळी बांधा. उघड्या उष्ट्यावर घरातली माशी बसते आणि रोगराई पसरते.

३. अळी कोंबडीला, माशाला द्या. गाई-म्हशींना देऊ नका.

४. आधी कृषि विज्ञान केंद्रात विचारा. आपल्या जिल्ह्यात बाभळेश्वर व दहिगाव-ने येथे अशी केंद्रे आहेत.

सांगा पाहू :

भांड्याला चढण कशासाठी ठेवतात?

अळीने खाल्लेले विष आपल्या ताटात कसे येते?