वाचनाची वही वाचायची कुणी?

प्रश्न : बिरसा (जि. बालाघाट, मध्य प्रदेश) भागातल्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. तिसरी ते पाचवीच्या मुलांना वाचनाची वेगळी वही घालायला लावली. पुस्तकाचं नाव, लेखक, सारांश, तात्पर्य असे रकाने आखून दिले. सुरुवातीला मुलं उत्साहानं लिहीत होती. आता सगळ्यांच्या वह्यांत एकच मजकूर सापडतो. वहीमुळे वाचनाची गोडीच जाते का?

उत्तर : ताई, वही बंद करू नका, रकाने तेवढे काढून टाका. तात्पर्य मागितलं की मूल ओळखतं, ही परीक्षाच आहे. मग ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारच. शिवाय जी गोष्ट बाईंनी आधीच वाचली आहे, तिचा सारांश बाईंनाच सांगायची हौस कुणाला असेल?

एनसीईआरटीच्या ‘बरखा’ मालिकेत लहानांसाठी 40 छोटी हिंदी पुस्तकं आहेत. त्यातलं ‘फूली रोटी’ घ्या. ‘यातून काय शिकलात?’ याचं उत्तर ठरलेलं येईल. त्याऐवजी ‘तुमच्या घरी चुलीवर काय शिजतं?’ असं विचारा. एखादं बैगा मूल पेजेचं भांडं काढेल, कोदो-कुटकीचं नाव लिहील. दुसरं कुणी तांदळाच्या पिठाच्या रोटीबद्दल लिहील आणि ती थापताना हात कसा भाजला तेही सांगेल. मग वह्यांची अदलाबदल करा. ‘फार भाजलं का? आजीनं काय लावलं?’ असं मैत्रिणीनं खाली लिहिलं की त्या मुलीला उत्तर द्यावंसं वाटेल. मला विचाराल, तर वाचनाची वही खरी इथून सुरू होते.

तुमच्या भागात घरी गोंडी, बैगानी, पोवारी, छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी. वहीत घरचा शब्द आला तर येऊ द्या. शुद्धलेखन सुधारायला दुसऱ्या वह्या आहेत. या वहीला लाल पेन अजिबात लावू नका. तुम्हीही खाली एखादी ओळ लिहा, पण ती शेरा नको, प्रश्न असावा. रोज सगळ्या वह्या बघणं एकट्या शिक्षिकेला झेपणार नाही, म्हणून दिवसाला चार-पाच पुरेत. तुमची स्वतःची वहीही वर्गात असू द्या. बाई काय वाचतात, हे मुलांना दिसायला हवं.

ज्यांना अजून लिहिता येत नाही, त्यांनी चित्र काढावं, तोंडानं सांगावं आणि तुम्ही ते त्यांच्याच शब्दांत चित्राखाली लिहावं. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवत असत. मुलं सांगतील तो शब्द त्या कार्डावर लिहून देत आणि त्यावरूनच वाचन सुरू होई. ‘टीचर’ या 1963 साली आलेल्या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर मांडलं आहे. स्वतःच्या तोंडचा शब्द कागदावर ओळखता येणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट असते.

शाळेत पुस्तकं थोडी असतील तर? वाचन म्हणजे फक्त गोष्टीची पुस्तकं नव्हेत. मलाजखंडच्या बसची पाटी, रेशन दुकानावरचा फलक, बियाण्यांचं पाकीट, लग्नपत्रिका, हे सगळं मुलं वाचतातच. त्याचे कपटे वहीत चिकटवू द्या. आजोबांनी सांगितलेली गोष्ट मुलानं लिहून काढली, तर वर्गाला वाचायला एक नवी गोष्ट मिळते.

एक पथ्य मात्र पाळा. मूल वहीत घरातलं दुःखही लिहितं. पानाचा कोपरा दुमडलेला असेल तर ते पान दुसऱ्या मुलानं वाचायचं नाही, असा नियम पहिल्याच दिवशी करा आणि तो मोडू देऊ नका.

मुलांचं लिखाण छापण्याची चांगली परंपरा तुमच्याच राज्यात आहे. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेनं 1985 मध्ये ‘चकमक’ हे हिंदी बालमासिक सुरू केलं. त्यातल्या ‘मेरा पन्ना’ या सदरात मुलांनी लिहिलेला मजकूर आणि त्यांची चित्रं येतात. त्याचे अंक मिळवून वर्गात ठेवा. आपल्याच वयाच्या मुलांचं लिखाण छापलेलं बघितलं की मुलांना लिहायला हुरूप येतो. वर्षअखेरीस ज्या मुलांची आणि पालकांची तयारी असेल, त्यांच्या वह्यांतली दोन-चार पानं ‘चकमक’ला नक्की पाठवा.